कमिशन शून्य झालं, पण विक्रेत्याच्या हातात उरतं किती?

समजा, सोलापुरातला एक छोटा विक्रेता ऑनलाइन टॉवेलची जोडी विकतो. किंमत ३१९ रुपये. बाकीचे खर्च आणि कर तूर्त बाजूला ठेवू. १० टक्के कमिशन कापलं गेलं की त्याच्या हातात २८७ रुपये येतात. एके सकाळी त्याच्या मोबाइलवर सूचना येते: ३०० रुपयांखालच्या वस्तूंवर यापुढे कमिशन नाही. तो लगेच किंमत २९९ करतो. ग्राहकाला टॉवेल २० रुपयांनी स्वस्त मिळतात आणि विक्रेत्याला आधीपेक्षा १२ रुपये जास्त मिळतात. दोघंही खूश.

मग या व्यवहारात पैसे सोडले कुणी? आणि का सोडले?

गेल्या काही वर्षांत ऑनलाइन बाजारात ‘झिरो कमिशन’ हा शब्द सेलच्या बॅनरइतकाच सर्रास दिसू लागला आहे. सोशल मीडियावर त्याचे दोन अर्थ फिरतात. एका बाजूला ‘आता विकणं फुकट’ असं सांगणारे, कोर्स विकणारे व्हिडिओ. दुसऱ्या बाजूला ‘ही सगळी फसवणूक आहे’ म्हणणारे विक्रेते. हिशोबाचा कागद मांडला तर दोन्ही अर्थ अर्धवट ठरतात.

नेमकं कुणी काय जाहीर केलं?

सुरुवात मीशोने केली. २०२१ मध्ये या कंपनीने विक्रेत्यांकडून कमिशन न घेण्याचं धोरण जाहीर केलं. छोट्या शहरांतला ग्राहक, दोन-तीनशे रुपयांच्या कुर्त्या, चादरी, स्वयंपाकघरातल्या वस्तू, ब्रँड नसलेला माल असा हा बाजार. मोठ्या कंपन्यांनी आधी तो फारसा मनावर घेतला नव्हता.

नंतर घ्यावा लागला. ॲमेझॉनने मार्च २०२५ मध्ये घोषणा केली आणि ७ एप्रिल २०२५ पासून भारतात ३०० रुपयांखालच्या वस्तूंवरची ‘रेफरल फी’ शून्यावर आणली. रेफरल फी म्हणजेच कमिशन. १३५ प्रकारांतल्या १ कोटी २० लाखांहून अधिक वस्तूंना याचा लाभ मिळेल, असं कंपनीने सांगितलं होतं. विक्रेत्याने स्वतःच्या गोदामातून पाठवलेल्या मालासाठी देशभर एकच डिलिव्हरी दर आणला गेला. तो आधी ७७ रुपयांपासून सुरू होत होता, तेव्हा ६५ रुपयांपासून सुरू झाला. एक किलोखालच्या वस्तूंचं हाताळणी शुल्कही कमी झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टने अटींत बसणाऱ्या विक्रेत्यांसाठी १००० रुपयांखालच्या वस्तूंवरचं कमिशन काढून टाकलं, मालाच्या परतीचं शुल्क कमी केलं आणि आपल्या ‘शॉप्सी’ या स्वस्त मालाच्या ॲपवर सगळ्याच वस्तूंचं कमिशन शून्य केलं.

यात दानधर्म काही नाही. छोट्या किमतीचा माल विकणारे विक्रेते जिकडे जातील तिकडे ग्राहक जाणार, हे उघड आहे. २९९ रुपयांच्या वस्तूवर २५-३० रुपये कमिशन घेण्यापेक्षा तो विक्रेता, त्याचा माल आणि त्यामागे येणारा ग्राहक आपल्याकडे ठेवणं कंपनीला जास्त मोलाचं वाटतं. शिवाय कमिशन सोडलं तरी कमाईचे बाकीचे रस्ते उघडेच राहतात. मीशोने हेच दाखवून दिलं. तिची कमाई मुख्यतः माल पोचवण्याच्या सेवेतून आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींतून होते.

२९९ च्या पुढची ओसाड पट्टी

किमतीची रेषा आखली की त्या रेषेच्या आसपास बाजार वेडावाकडा होतो. शून्य कमिशनवर २९९ ला विकून जेवढे पैसे सुटतात, तेवढेच १० टक्के कमिशन देऊन सोडवायचे तर किंमत किती हवी? साधारण ३३२ रुपये. म्हणजे ३०० ते ३३१ या पट्टीत किंमत ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. जास्त किंमत लावायची, ग्राहक गमवायचा आणि वर कमीच कमवायचं. रेषा १००० ची असेल तर हीच पट्टी १००० पासून जवळपास १११० पर्यंत जाते. कमिशनचा दर वस्तूनुसार बदलतो, त्यामुळे पट्टी कमी-जास्त रुंद होईल, पण ती असतेच.

ॲपवर २९९, ९९९ अशा किमतींचं जे पीक दिसतं त्याला ग्राहकाचं मानसशास्त्र हे जुनं कारण आहेच. आता त्यात शुल्काच्या रेषेची भर पडली. आणि किंमत रेषेखाली बसवायची म्हणून मालही बदलतो. टॉवेल थोडा पातळ होतो, तीनचा सेट दोनचा होतो. ग्राहकाला वाटतं स्वस्त मिळालं. कधी खरंच मिळतं, कधी नुसतं कमी मिळतं.

कमिशन गेलं, बाकीच्या ओळी राहिल्या

विक्रेत्याच्या खात्यात पैसे जमा होण्याआधी जी कपात होते, त्यात कमिशन ही फक्त एक ओळ असते. तिच्याखाली क्लोजिंग फी किंवा फिक्स्ड फी असते, म्हणजे प्रत्येक ऑर्डरमागे ठरलेली रक्कम. मग डिलिव्हरीचा खर्च. मग जाहिरात. या सगळ्या सेवांवर १८ टक्के जीएसटी. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला त्याचं क्रेडिट मिळू शकतं, नोंदणी नसलेल्याला तो खर्चच.

डिलिव्हरीच्या खर्चात नवखे विक्रेते हमखास फसतात. पार्सलचं भाडं फक्त काट्यावरच्या वजनावर ठरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५००० ने भागतात. येणारा आकडा किलोमध्ये धरला जातो. प्रत्यक्ष वजन आणि हा आकडा, यांतला जो मोठा त्यावर भाडं लागतं. सहाशे ग्रॅमची टॉवेलची जोडी ३० × २५ × १५ सेंटिमीटरच्या खोक्यात घातली तर ती हिशोबाला सव्वादोन किलो होते. तीच जोडी घडी दाबून ४ सेंटिमीटर जाडीच्या पाकिटात बसवली तर सहाशे ग्रॅमच राहते. पहिल्या विक्रेत्याने दीड किलोहून जास्त हवेचं भाडं भरलं. कमिशनच्या घोषणेवर तासभर व्हिडिओ पाहणाऱ्याने खोका पंधरा मिनिटं मोजला तरी त्याचे जास्त पैसे वाचतील.

जाहिरातीचं गणित वेगळंच आहे. कमिशन शून्य झालं की नवे विक्रेते येतात, तोच टॉवेल विकणारे वाढतात आणि शोधाच्या पहिल्या पानावरच्या जागा मात्र तेवढ्याच राहतात. त्या जागांसाठी बोली लागते. ‘प्रायोजित’ अशी बारीक अक्षरांतली खूण असलेल्या वस्तू वर दिसतात, त्या या बोलीतून. कमिशन माल विकला गेल्यावरच कापलं जातं. जाहिरातीचे पैसे मात्र ग्राहकाने वस्तूवर बोट ठेवलं की जातात, मग तो विकत घेवो वा न घेवो. आधी कंपनी विक्रीच्या जोखमीत थोडी तरी भागीदार होती. जाहिरातीत ती जोखीम पूर्ण विक्रेत्याची.

परत येणारा माल

आता सगळ्या ओळी एकत्र मांडू. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. वस्तू आणि अंतर बदललं की ते बदलतील.

टॉवेलची जोडी २९९ ला विकली. त्यातला ५ टक्के जीएसटी काढला की २८५ रुपये उरतात. डिलिव्हरीचे ६५, ठरीव फी १२ आणि जाहिरातीचे २० गेले की १८८. टॉवेलची खरेदी आणि पॅकिंग मिळून १५० धरले तर नफा ३८ रुपये. १० टक्के कमिशन असतं तर त्यातले ३० गेले असते आणि उरले असते ८. म्हणजे शून्य कमिशनचा दिलासा खरा आहे. त्याला फसवणूक म्हणणारे इथे चुकतात.

पण १० ऑर्डरी गेल्या की दहाच्या दहा ग्राहकाकडे राहत नाहीत. समजा दोन परत आल्या. परत आलेल्या प्रत्येक पार्सलवर जाण्यायेण्याचं भाडं, वाया गेलेली जाहिरात आणि फाटलेलं पॅकिंग मिळून १०० रुपयांचा फटका बसला. आठ ऑर्डरींचा नफा ३०४, दोन परतींचा तोटा २००. हातात उरले १०४ रुपये. कमिशन असतं तर याच १० ऑर्डरींवर १३६ रुपयांचा तोटा झाला असता. इथवर घोषणेची बाजू वरचढ.

दोनाऐवजी तीन पार्सलं परत आली तर? सात ऑर्डरींचे २६६, तीन परतींचे ३००. शून्य कमिशन असूनही ३४ रुपयांचा तोटा. एका जास्तीच्या परतीने १३८ रुपये नेले. हा टॉवेल तरी पुन्हा विकण्याजोगा आहे असं धरलं आहे. वापरून, धुऊन परत आला असेल तर त्याची किंमतही गेली.

माल परत येण्याचे प्रकार दोन. ग्राहकाने घेतल्यावर परत करणं हा एक. पार्सल दारातूनच मागे फिरणं हा दुसरा, त्याला विक्रेते ‘आरटीओ’ म्हणतात. परिवहन कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, मनस्ताप मात्र तुलनेचा. पैसे डिलिव्हरीच्या वेळी द्यायचे असतील तर ग्राहक घरी नसतो, फोन उचलत नाही किंवा त्याचा विचार बदललेला असतो. ऑर्डर देताना त्याच्या खिशातून काहीच गेलेलं नसतं.

चुकीचा किंवा दुसराच माल परत आला तर भरपाई मागण्याची सोय मोठ्या कंपन्यांनी ठेवली आहे. तिला मुदत असते आणि पुरावा लागतो. म्हणून अनेक विक्रेते पार्सल बांधताना आणि परत आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ काढतात. घरच्या घरी धंदा करणाऱ्या कुटुंबात एकाने खोका उघडायचा आणि दुसऱ्याने मोबाइल धरायचा. या मजुरीची ओळ कुठल्याच हिशोबात येत नाही.

कायदाही इथे ग्राहकाच्या बाजूला झुकतो, आणि ते बरोबरच आहे. २३ जुलै २०२० रोजी आलेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा निघाला तर विक्रेता परत घेणं नाकारू शकत नाही. सांगितलेल्या वेळेनंतर पोचलेल्या मालालाही हेच लागू होतं, अपवाद फक्त हाताबाहेरच्या संकटांचा. अडचण अशी की पार्सल उशिरा पोचवणारा कुरिअर अनेकदा त्या कंपनीच्याच व्यवस्थेतला असतो. उशीर त्याचा, माल परत घेण्याचं बंधन विक्रेत्याचं.

सरकारच्या ओळी

कपातीच्या यादीत सरकारचीही नावं असतात आणि त्यांच्याबद्दल गैरसमज फार. कंपनी विक्रेत्याच्या पैशांतून जीएसटीचा टीसीएस कापते. तो १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला. हे दोन्ही पैसे बुडत नाहीत. टीसीएस जीएसटीच्या खात्यात दिसतो, टीडीएस विवरणपत्र भरताना वळता होतो. पण विवरणपत्र न भरणाऱ्याला तो खर्चच वाटतो.

नोंदणी नसलेल्यांसाठी याहून महत्त्वाचा बदल १ ऑक्टोबर २०२३ ला झाला. त्याआधी कंपनीच्या ॲपवर एक टॉवेल विकायचा तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. शेजारच्या दुकानदाराला मात्र वस्तूंच्या विक्रीत ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत ती लागत नव्हती. आता या मर्यादेतला विक्रेता पॅन देऊन जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेतो आणि ऑनलाइन विकू शकतो. अट एकच, विक्री राज्याच्या आतच हवी. सोलापूरहून हैदराबाद हे नागपूरच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. तरीही अशा विणकराचा टॉवेल नागपूरला जाऊ शकतो, हैदराबादला नाही. ‘देशभरातला ग्राहक’ हे ऑनलाइन बाजाराचं मुख्य आमिष आहे, आणि ते सगळ्यात लहान विक्रेत्यालाच मिळत नाही.

अटी कोण बदलतं?

आतापर्यंतच्या प्रत्येक ओळीत एक गोष्ट समान आहे. दर ठरवणारा एक पक्ष आणि ते स्वीकारणारा दुसरा. कायद्याने विक्रेता आणि कंपनी यांच्यात लेखी करार असावा लागतो. व्यवहारात हा करार म्हणजे खातं उघडताना मान्य केलेलं लांबलचक पान. त्यातले दर बदलले की विक्रेत्याच्या पॅनलवर सूचना झळकते. ठरलेल्या तारखेनंतर विक्री सुरू ठेवली की संमती गृहीत. बोलणी करायला समोर माणूस नसतो.

भारतीय नियमांत विक्रेत्यासाठी काहीच नाही असं नाही. २०२० च्या त्याच नियमांनुसार वस्तूंची क्रमवारी कोणत्या मुख्य निकषांवर ठरते, हे कंपनीने सोप्या भाषेत सांगायला हवं. एकाच प्रकारच्या विक्रेत्यांत फरक केला जात असेल तर तोही अटींमध्ये लिहायला हवा. डिसेंबर २०१८ च्या परकीय गुंतवणूक धोरणानेही बंधन घातलं: परदेशी पैसा असलेल्या बाजारपेठ कंपनीने सर्व विक्रेत्यांना सेवा भेदभाव न करता द्याव्यात. तरीही काही निवडक विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं, अशी तक्रार दिल्ली व्यापार महासंघाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेली आणि आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि न्यायालयात धाव घेतली. चौकशी थांबवायला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नकार दिला.

पण यातली कोणतीही तरतूद ‘दर बदलण्याआधी विक्रेत्याला अमुक दिवस द्या’ असं सांगत नाही. ग्राहक म्हणून दाद मागायची तर व्यापारासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहे. दोन बाजूंच्या मध्ये उभा असलेला विक्रेता एका बाजूला ग्राहकाला जबाबदार आणि दुसऱ्या बाजूला कंपनीच्या पॅनलवर अवलंबून.

हा प्रश्न फक्त भारतातला नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम केला आणि तो १२ जुलै २०२० पासून लागू झाला. अटी बदलायच्या तर किमान १५ दिवस आधी कळवायचं, तसं न केल्यास बदल रद्द समजायचा. खातं थांबवलं तर लेखी कारण द्यायचं, सेवा कायमची बंद करायची तर ३० दिवस आधी सांगायचं. नव्या डिजिटल कायद्यांमुळे हा नियम पुनरुक्त झाल्याचं सांगत युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला आहे. पण १५ दिवस ही काही क्रांतिकारक मागणी नव्हे. किमती पुन्हा ठरवायला, साठा आवरायला आणि खोक्याचा आकार बदलायला लागतो तेवढाच हा वेळ.

सोलापूरच्या विक्रेत्याला तो कशासाठी हवा? शून्य कमिशन ही कंपनीने दिलेली सवलत आहे, कायद्याने दिलेला हक्क नाही. ती ज्या सूचनेने आली तशाच सूचनेने जाऊही शकते. दरम्यान त्याने किंमत ३१९ वरून २९९ केली, तीच पाहून स्पर्धकांनीही केली आणि ग्राहकाच्या डोक्यात टॉवेलच्या जोडीचा भाव २९९ असा बसला. आता एकट्याने किंमत वाढवली की तो यादीत खाली जातो. कमिशन उद्या परत आलं, तर २९९ वर त्याच्या हातात २६९ रुपये येतील. सवलत यायच्या आधी, ३१९ वर, २८७ येत होते.